पहिली वाटी

“बाबा, आपलं दूध एवढं चोख आहे, तर ते पिऊन आपली ठिपकी रोज ओकते का?”

दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. पुढे नेहमीची रांग होती, हातात किटल्या आणि डबे घेऊन. प्रश्न ऐकला आणि किटल्यांच्या कड्यांचा आवाजसुद्धा थांबला. काउंटरच्या पायरीशी उकिडवे बसलेले बाबा तसेच बसून राहिले, एक हात स्टीलच्या वाटीवर. वाटीत तोंड घालून, पाठीवर काळे ठिपके असलेली त्यांची पांढरी मांजर दूध चाटत होती. तेवढाच काय तो लपलप आवाज.

प्रश्न विचारणारी चिऊ सायकल धरून उभी होती. घरात चिऊ, शाळेत भोंगा. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही तिचा आवाज बाकाखाली पडायचा आणि बाईंना तो शोधावा लागायचा. मग बाईंनी तिला बळेच वादविवादात उभं केलं, आणि तिला शोध लागला की आपण बोललो की लोक ऐकतात. त्या दिवसापासून भोंगा थांबायचं नाव घेत नव्हता. तरी भर रांगेत, सख्ख्या बापाला असा सवाल तिने आजवर केला नव्हता. तो करायची पैज लावली होती तिच्या वर्गातल्या चश्मिस आणि लंबूने. त्या दोघी पलीकडच्या कोपऱ्यावर उभ्या राहून, मुळीच न निसटलेली सायकलची चेन बसवत होत्या.

“फेरी झाली का तुझी?” बाबा म्हणाले.

“अर्धी राहिलीय.”

“मग ती कर आधी. लोक चहासाठी खोळंबलेत.”

“करते. तुम्ही उत्तर द्या, लगेच जाते.”

रांगेत सगळ्यात पुढे शिंपीणकाकू होत्या. त्या नेहमीच सगळ्यात पुढे असत. “अगं, ओकते म्हणजे? कधीपासून?”

“काही नाही हो काकू,” बाबा उठत हसले. हे हसू खास गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं होतं, घरात ते कुणाला दिसत नसे. “मांजरच ते. बाहेर कुठे सरडाबिरडा खाल्ला असेल.”

“सरडा खायला ती घराबाहेर जातेच कुठे?” चिऊ म्हणाली. “उकडलेली कोंबडी खाते, बिनमिठाची. मी स्वतः शिजवते. आणि रोज सकाळी मी फेरीला गेले की माझ्या पाठीमागे हे पिते.”

निवृत्त मास्तर रांगेत तिसरे होते. त्यांनी किटलीचं झाकण लावलं, सगळ्यांना ऐकू जावं इतपत जोरात. “मुली, मी इतकी वर्षं तुमच्या मांजरीच्या जिभेवर भरवसा ठेवून दूध नेतोय. आणि आता तू म्हणतेस तिलाच ते पचत नाही?”

“तरीच परवा नातवाचं पोट बिघडलं,” शिंपीणकाकू म्हणाल्या.

“त्याने कच्ची फळं खाल्ली होती. तुम्हीच सांगितलंत,” बाबा म्हणाले.

“ते मला तेव्हा वाटलं.”

मग काय, रांगेतल्या प्रत्येकाला आपापलं पोट आठवलं. कुणाला करपट ढेकर आठवले, कुणाला मळमळ. सलूनवाले दादा तर पोटावर हात ठेवून, आता कळ येते की मग, अशी वाट बघत उभे राहिले. आणि नेमक्या त्याच वेळी ठिपकीने वाटीतून तोंड काढलं, मान लांब केली, पाठीची कमान केली आणि मास्तरांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर सगळं दूध परत केलं.

रांग तुटली. म्हणजे पळापळ वगैरे झाली नाही. लोक सभ्य होते. कुणाला घरी दूध उरलंय हे आठवलं, कुणाला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं, आणि ते सगळे सभ्य लोक रस्ता ओलांडून समोरच्या काचेच्या दाराच्या दुकानात शिरले, जिथे दूध पिशव्यांतून मिळायचं आणि मांजर फक्त दाराच्या पायपुसण्यावर छापलेलं होतं. मास्तर मागे राहिले, पण किटली न उघडता. शिंपीणकाकूंनी “आज निम्मंच द्या” असं म्हटलं, ते बाबांना त्याहून लागलं.

बाबांनी ठिपकीला उचलून चिऊच्या हातात दिलं. “वर जा,” ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता, आणि म्हणूनच चिऊला कळलं की संध्याकाळी तो चढणार आहे. चढू दे, ती मनात म्हणाली. तिच्या तळपायाची आग केव्हाच मस्तकात गेली होती. हातातल्या मांजरीच्या फासळ्या तिच्या बोटांना एकेक करून लागत होत्या.

या वाटीची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. आजोबांनी दुकान काढलं तेव्हा दुधात पाणी घालणारे पुष्कळ होते, आणि ‘आमचं तसं नाही बुवा’ असं त्यांतला प्रत्येकजण म्हणायचा. आजोबा काहीच म्हणाले नाहीत. रोज शटर उघडलं की पहिल्या कॅनमधलं पहिलं माप ते वाटीत ओतायचे आणि सगळ्यांच्या देखत मांजरापुढे ठेवायचे. मांजर प्यायलं की रांग पुढे सरकायची. खराब दुधाला मांजर तोंड लावत नाही, असं ते सांगत. ते खरं की खोटं हे तपासायला कुणी गेलं नाही. पिणारं मांजर समोर दिसत होतं. आजोबा गेले, वाटी राहिली. लोक एकमेकांना विचारायचे, “आज पास झालं का?” आणि दूध रोज पहिल्या वर्गात पास व्हायचं.

ठिपकी घरात आली तेव्हा पिल्लूच होती. पहिलं वर्ष छान गेलं. मग ती ओकायला लागली. आधी कधीतरी, मग रोज, मग नुसतं ओकणं नाही तर पोटही वाहायला लागलं. तिच्या शी-शूच्या टोपलीतली माती बदलता बदलता चिऊचे हात टेकले. आणि चिऊने, भोंगाच ती, सगळं अंगावर घेतलं: हिचं पोट नाजूक आहे तर हिला सोसेल असं खाणं मी शोधून काढणार.

आधी माशाच्या वासाची बिस्किटं आणली. ती ठिपकीने आनंदाने खाल्ली आणि आईच्या धुतलेल्या चादरीवर परत केली. पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या माणसाने मग एक चकचकीत डबा काढून दिला, वर झोपलेल्या मांजराचं चित्र. “नाजूक पोटासाठी खास. राजघराण्यातली मांजरं हेच खातात.”

दोन दिवसांनी रिकामा डबा त्याच्या काउंटरवर आपटून चिऊ म्हणाली, “मग राजवाड्यातले गालिचे कोण धुतं, तेवढं सांगा.”

त्याने तिसरा डबा काढला. चिऊने त्याला इतकं ऐकवलं की पोपटाच्या पिंजऱ्याशी उभं असलेलं गिऱ्हाईक हळूच बाहेर निघून गेलं. मग ती ठिपकीला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. ठिपकीचं पोट दाबून बघताना त्यांनी विचारलं, “दूध देता?”

“हो,” चिऊ फुशारकीने म्हणाली. “आमची स्वतःची डेअरी आहे. एकदम चोख.”

“चोख असो नाहीतर पाणी घातलेलं, बंद करा. मोठं झाल्यावर बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. आवडतं, म्हणून पितात, आणि मग भोगतात.” त्यांनी हात धुतले. “आणि रोज नवा डबा फोडू नकोस. एकच खाणं, काही आठवडे, दुसरं काही म्हणजे काही नाही. साधी उकडलेली कोंबडी दे. मीठ नको, कांदा-लसूण तर मुळीच नको. ती सोसली की पुढचं मी सांगेन.”

चिऊने घरी येऊन फर्मान काढलं. बाबा हसले, मान हलवली, “दुधाने कुणाचं पोट बिघडतं का,” असं पुटपुटले, पण चिऊ हटेना तेव्हा म्हणाले, “बरं बाई. वाटी बंद म्हणजे बंद. माझा शब्द.”

बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं चिऊ समजत होती.

कोंबडी घरात शिजवायला आईची परवानगी नव्हती, कारण खालच्या खोलीत दूध असायचं आणि दूध कुठलाही वास पटकन ओढून घेतं. म्हणून चिऊने गॅलरीत छोटी शेगडी मांडली, वेगळं पातेलं, वेगळा चमचा. शाळेतून आली की ती कोंबडी उकडायची, बोटांनी बारीक कुस्करायची, हाडाची कच राहिली नाही ना हे तीनतीनदा चाचपायची. सकाळी फेरीला निघण्याआधी ठिपकीला भरवायची आणि मग सायकलच्या दोन्ही बाजूंना बाटल्या लटकवून शटर उघडायच्या आधीच निघून जायची. परत येईपर्यंत रांग ओसरलेली असायची.

ठिपकी बरी होईना. चिऊ हैराण झाली. कोंबडीवाल्याशी भांडली, शिळी देतोस म्हणून. खालच्या जिन्यातल्या आजींशी भांडली, तुम्ही हिला काहीतरी चारता म्हणून. त्या बिचाऱ्या मांजर दिसलं की चार पायऱ्या मागे सरकणाऱ्या. आईवर संशय घेतला, पाणी बदलून पाहिलं, पातेलं बदललं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुसऱ्यांदा टोपली घेऊन गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ठिपकीला तराजूवर ठेवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “आतड्याला सूज आहे. असंच चाललं तर हिच्या अंगी अन्नच लागायचं नाही, मग माझ्या हातात फार काही उरणार नाही. कोंबडीला बोल लावू नकोस. हिला अजून काहीतरी मिळतंय. कोण देतंय ते बघ.”

आणि कालच मधल्या सुट्टीत चश्मिस सहज म्हणाली, “अगं, तुमची ती मांजर आजारी आहे का? आई सांगत होती, काल वाटीतलं दूध अर्धंच प्यायली. रांगेत कुजबुज झाली म्हणे.”

चिऊच्या हातातला घास हातातच राहिला. “कुठल्या वाटीतलं?”

“कुठल्या म्हणजे? रोजच्या.”

लंबूने तिच्याकडे पाहिलं. “तुला माहीत नव्हतं?”

चिऊ काहीच बोलली नाही, आणि भोंगा बंद पडला म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे दोघींना कळलं. “आज घरी जाऊन विचारते,” ती शेवटी म्हणाली.

“घरात विचारू नको,” लंबू म्हणाली. “घरात विचारलंस की घरातच विरजण पडतं त्यावर. रांगेसमोर विचार. विचारूनच दाखव.”

“सगळ्यांसमोर?”

“बघ बाई. नाही विचारलंस तर उद्यापासून तू भोंगा नाहीस, शिट्टी.”

प्रश्न विचारला त्या दिवशी शाळेत काय शिकवलं ते चिऊला विचारू नये. सगळे तास तिने दातओठ खाण्यात घालवले. सकाळच्या उरलेल्या बाटल्या तिने कशाबशा पोचवल्या होत्या, आणि प्रत्येक दारात कुणी ना कुणी विचारलं होतं, “काय गं, खाली काय झालं म्हणे?” बातमीला सायकल लागत नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात रिकामे कॅन गरम पाण्याने धूत होती आणि बाबा स्टुलावर बसून होते. खाली दुकानात फ्रीजरची घरघर ऐकू येत होती. या वेळेला एरवी ती ऐकू यायची नाही, कारण खाली माणसं असायची. ओट्याखालच्या सावलीत ठिपकी पाय पोटाशी घेऊन बसली होती.

“झालं समाधान?” बाबा म्हणाले.

“तुम्ही शब्द दिला होता.”

“संध्याकाळचे दोन कॅन तसेच परत गेले. तसेच. या दुकानातून दूध कधी परत गेलेलं नाही, आजोबांपासून.”

“बाबा, तुम्ही मला शब्द दिला होता.”

“थेंब पाणी घातलं नाही कधी त्या दुधात,” बाबा म्हणाले, आणि आता आवाज चढला. “एक थेंब. ना माझ्या बापाने, ना मी. समोरचा काचवाला आला, लोकांनी मला शहाणपण शिकवलं, पावडर घाल, कोण बघतंय. नाही घातली. आणि माझी पोरगी भर रांगेत उभी राहून विचारते, दूध चोख तर मांजर ओकते का. दुश्मनाने विचारलं असतं तर सोसलं असतं.”

हे चिऊला लागलं, कारण ते खरं होतं. पैज लावताना तिघींनी प्रश्नाला धार काढली होती, पण ती कुणाला कापेल हे पाहिलं नव्हतं. “दुधाला मी नाव ठेवलं नाही,” ती म्हणाली. “प्रश्न वाकडा होता, मान्य. दूध चांगलंच आहे. मी रोज पिते, मला कुठे काय होतं? तिला पचत नाही, एवढंच. ते तुम्हाला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मी सांगितलं, आणि तिने तर तुमच्या समोर रोज ओकून दाखवलं. अजून काय करायला हवं होतं तिने? अर्ज?”

“दोन घोट असतात गं. वाटी असते केवढी.”

“तिचं पोट असतं केवढं?”

आईने कॅन पालथा घातला. पाण्याचा नळ तिने बंद केला.

“मला सांग, मी काय करायचं होतं?” बाबा म्हणाले. “समोर काचेचं दार लागलंय. रांग अर्धी झालीय. उरलेली का येते? त्या वाटीसाठी येते. एक दिवस वाटी ठेवली नाही तर मास्तर विचारणार, आज मांजर कुठंय? आजारी आहे म्हणू? डेअरीची मांजर आजारी? का दूध बंद केलंय म्हणू? मग तर संपलंच.”

“म्हणून तुम्ही तिलाच संपवत होतात.”

“तोंड सांभाळून बोल.”

“सांभाळूनच बोलतेय. मी इकडे गॅलरीत धुरात डोळे चोळत कोंबडी उकडतेय, कोंबडीवाल्याशी भांडतेय, त्या आजींना चोर ठरवतेय, आणि तुम्ही रोज सकाळी माझी पाठ फिरली की हिला खाली नेताय. निम्मी गल्ली बघत होती. मी तेवढी आंधळी.” तिचा श्वास लागला होता, पण थांबली असती तर रडली असती, आणि रडायचं तिने ठरवलेलं नव्हतं. “दिवसभर मी चांगलं घालायचं, पहाटे तुम्ही त्यावर पाणी ओतायचं. पाणी नाही, दूध. चोख.”

बाबांनी, हिशेब मिटवल्यासारखं, सरळ सांगून टाकलं. “उद्या चाऱ्याचा टेम्पो येईल. त्याच्याबरोबर हिला गोठ्यावर पाठवतो. मोकळी जागा आहे, उंदीर आहेत, बरी राहील. तिथे पिल्लं झालीत, त्यातलं एक तो घेऊन येणार आहे. गोठ्यातलं मांजर आहे, दगड पचवील.”

चिऊला आधी कळलंच नाही. मग कळलं. “तुम्ही हे आजच्या प्रश्नाआधीच ठरवलं होतं.”

बाबांनी स्टूल मागे सरकवलं.

“पिल्लू येणार म्हणजे तुम्ही सांगून ठेवलं होतंत. हिचं पोट बिघडलं तर हिला सोडायचं आणि दुसरी आणायची. म्हणजे दिव्याची वात बदलल्यासारखं.”

“अगं, मांजरंच ती. येतात, जातात.”

“भुरी गेली तशी?”

भुरी म्हणजे ठिपकीच्या आधीची. चिऊ तेव्हा लहान होती. भुरी म्हातारी झाली आणि एक दिवस निघून गेली, मांजरं अशीच जातात, असं तिला सांगितलं होतं. ती त्या दिवशी खिडकीशी बसून होती. भुरी परत येईल म्हणून तिने जेवणातला घास काढून ठेवला होता. आता प्रश्न तिने नुसता टोचायला म्हणून विचारला होता. पण बाबांनी झटकन आईकडे पाहिलं, म्हणून तिनेही पाहिलं.

“आई?”

आईने हात पदराला पुसले. सावकाश, एकेक बोट. “भुरी निघून गेली नव्हती,” ती म्हणाली. “पाठवली होती. टेम्पोनेच.”

“कशाला आता ते,” बाबा म्हणाले.

“हिच्यासारखंच झालं होतं तिचं. खाल्लेलं अंगाला लागत नव्हतं. त्याच्या आधीच्या काळ्याचंही तेच. मी या घरात आले तेव्हा जो बोका होता, त्याचंही.” आई बाबांकडे न बघता बोलत होती. “मला वाटायचं, आपल्या घराला मांजर लाभत नाही. खरंच तसं वाटायचं. मग ही डॉक्टरीणबाईंचं सांगायला लागली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तरी मी गप्प बसले. रोज सकाळी तुम्ही हिला उचलून न्यायचात आणि मी चहाचं आधण बघत उभी राहायचे.”

“तू पण?” चिऊ म्हणाली.

“मी पण.”

चिऊला कुणावर आधी ओरडावं ते सुचेना. एक एक करून सगळी मांजरं तिच्या डोळ्यांपुढून गेली, तिने न पाहिलेली सुद्धा, आणि प्रत्येकाच्या पुढे तीच वाटी. आजोबांची, रोज घासून लख्ख केलेली. दुधाला कधी नापास केलं नाही म्हणून त्या मांजरांचं कौतुक झालं होतं, आणि पोट नापास झालं की टेम्पो.

“आणि गंमत सांगू?” आई म्हणाली. तिला हसू आलं होतं, पण ते चांगलं हसू नव्हतं. “तुझे बाबा स्वतः दूध पितात का, विचार.”

“त्याचा काय संबंध?” बाबा म्हणाले.

“लग्न झालं तेव्हा मी रोज पेला भरून द्यायचे. डेअरीवाल्याच्या घरात आलेय म्हणून. आठवडाभर बिचारे लाजेने पीत होते आणि पोट धरून फिरत होते. तेव्हापासून कोरा चहा. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा सांगतात, दिवसभर दुधातच हात असतो, प्यायची वासना उरत नाही.”

चिऊ बाबांकडे बघतच राहिली. कोरा चहा तिने जन्मापासून पाहिला होता. काही लोकांना गोड आवडत नाही तसं ते असेल, असं वाटायचं. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. “पोटात काय होतं ते तुम्हाला नेमकं माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगायची गरजच नव्हती.”

बाबांचे कान लाल झाले. ओट्याखालून ठिपकी उठली, दोन पावलं चालली आणि सवयीने बाबांच्या पायाशी येऊन अंग घासायला लागली. तिची पाठ इतकी वाळली होती की ठिपके जवळजवळ आले होते. बाबांनी पाय मागे घेतला नाही. हातही खाली नेला नाही.

“तुम्हाला कोरा चहा मिळाला,” चिऊ म्हणाली. “तिला टेम्पो.”

“मग काय करू, सांग ना,” बाबा म्हणाले. आता आवाजात राग उरला नव्हता, नुसता थकवा होता, आणि चिऊला त्याचाच जास्त राग आला. “दुकान बंद करू? सकाळी वाटी नाही ठेवली तर उद्या रांगेत कोण उभं राहील?”

“आज ठेवली होती. कोण उभं राहिलं?”

आई ओट्याला टेकून उभी राहिली आणि चिऊकडे पाहू लागली, वर्गात बाई पाहायच्या तशी: आता बोल, थांबू नको.

चिऊने ठिपकीला उचललं. तिला कडेवर नीट बसवलं, आणि मग बोलायला लागली. वादविवादात शिकवलेलं काहीच तिला आठवलं नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

“टेम्पोवाल्याला आत्ता फोन करा. ठिपकी गोठ्यावर जाणार नाही आणि तिथलं पिल्लू इथे येणार नाही. या दुकानात आता कुठल्याच मांजराची परीक्षा होणार नाही. उद्यापासून शटर मी उघडणार. पहिलं माप मी काढणार आणि ते शिंपीणकाकूंच्या डब्यात जाणार. मास्तरांनी विचारलं मांजर कुठंय, तर सांगणार, ती वर कोंबडी खातेय, तिला दूध सोसत नाही, काल मी अर्धंच बोलले होते, आज पूर्ण सांगते. आणि दुधाचा संशय असेल तर चाखून बघा म्हणणार. जीभ त्यांनाही आहे.”

“अगं, गिऱ्हाईक तुटेल,” बाबा म्हणाले.

“तुटेल थोडं. मी तोडलंय, मीच बोलावून आणीन. माझा आवाज काचेच्या दारातून पण आत जातो.”

“आणि फेरी?” आईने विचारलं. “दुकान तू बघणार तर बाटल्या कोण पोचवणार?”

“बाबा,” चिऊ म्हणाली. “पहाटे शटर उघडायच्या आधी बाबा सायकलवर असतील, मग कुणाला खाली न्यायचा प्रश्नच नाही. माझ्या शाळेच्या वेळेला तुम्ही येऊन काउंटर ताब्यात घ्या. सायकलचा मागचा ब्रेक लागत नाही, उतारावर पाय टेकवा. प्रत्येक दारात विचारतील काल काय झालं म्हणून. खरं ते सांगा, लवकर सुटका होते.” तिने मोकळा हात पुढे केला. “शटरची किल्ली द्या. मला आता कोंबडी लावायची आहे, आणि उद्या लवकर उठायचंय.”